खव्याचा तिसरा तुकडा

जगात गिळता येत नाही अशी एकही गोष्ट नाही, फक्त तिच्याभोवती नीट काही गुंडाळलेलं नसतं, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आणि अंगाने माझ्या निम्मे. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला कडू गोष्ट उघडी म्हणून दिली नाही. कचेरीत होते तेव्हा एका कारकुनाच्या बदलीचा कागद त्यांच्या टेबलावर आला. दुसरा कोणी असता तर सही घेऊन मोकळा झाला असता. साडूंनी त्याला टपरीवर नेलं, तर्री-पोहे खाऊ घातले, त्याच्या मुलीच्या अक्षराची तारीफ केली आणि दुसरी प्लेट येता येता हळूच म्हणाले, "गडचिरोलीकडची हवा मोठी चांगली हाये म्हणते." त्या माणसाने दुसरी प्लेट संपवली, तिसरी मागवली आणि मगच तो रडला. भाच्याच्या नापासाची बातमी त्यांनी श्रीखंडाच्या दोन वाढपांमध्ये बसवली होती. माझ्या स्कूटरला त्यांच्या हातून पोचा पडला, तेव्हा तो मला दिसण्याआधी अर्धा किलो संत्रा बर्फी घरी आली होती. परिणाम असा झाला आहे की साडू मिठाईचा पुडा घेऊन फाटकात दिसले की आमच्या घरात सगळे आधी खुर्च्या ओढून बसून घेतात. एकदा ते खरोखरच नातू झाल्याचे पेढे घेऊन आले, तर माझी बायको पेढा हातात धरून म्हणाली, "भाऊजी, आधी सांगा, कोण गेलं?" साडू बिचारे शपथा घेत राहिले आणि ती बाळाचा फोटो मागत राहिली.

मी अगदी याच्या उलट. नोकरी हिशेबाची, त्यामुळे आकडा जसा असेल तसा समोरच्याच्या हातात ठेवायचा ही सवय. भाजीवालीने सांगितलं अर्धा किलो आणि काट्यावर दिसलं चारशे ऐंशी ग्रॅम, तर मी चारशे ऐंशीच म्हणणार. याने माणसं दुखावतात असं बायको म्हणते. असेल, पण वजन चारशे ऐंशीच असतं. साडूंना माझं हे वागणं उघड्यावर झोपण्यासारखं वाटतं. आमचं एकमेकांवाचून कधी अडलं नसतं, पण मध्ये बुध्या आला.

बुध्या म्हणजे आमचा कुत्रा. मुलीने बुधवार बाजारातून ओच्यात घालून आणला, म्हणून बुध्या. पुढे ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि कुत्रा आमच्याकडे राहिला. मागच्या साली त्याला झटके येऊ लागले. चारी पाय ताठ, तोंडाला फेस, डोळे कुठेतरी भलतीकडे. पहिला झटका पाहिला तेव्हा माझ्या बायकोने भिंत धरली आणि मी तिला. सदर भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली आणि बजावलं, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही, चुकली की झटका परत येणार. गोळी विकत घेणं सोपं होतं. देणं नव्हतं. मी ती पोळीत घातली; बुध्याने पोळी खाल्ली आणि गोळी ताटलीत इतकी स्वच्छ ठेवली की पुन्हा वापरता आली असती. मी ती भातात घातली. त्याने भात सोडला. मग मी त्याला समोर बसवून सांगितलं, की हे औषध आहे, कडू आहे, पण तुझ्या भल्याचं आहे. तो उठून पलंगाखाली गेला. तिसऱ्या दिवशी दुसरा झटका आला आणि बायकोने बहिणीला फोन लावला.

दिवस होळीनंतरचा पहिला रविवार. रक्कम शंभर रुपये, पाव किलो बिनसाखरेच्या खव्याचे. हजर मी, माझी बायको, साडू आणि पलंगाखाली बुध्या. साडूंनी माझी हकीकत पुरी ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुम्ही त्याले औषध नाही देऊन राहिले भाऊ, नोटीस देऊन राहिले." मग त्यांनी काम हातात घेतलं. आधी खवा स्वतः चाखला, कारण "जे मले नाही आवडलं ते त्याले काहून आवडन?" मग गोळी जिभेला टेकवून पाहिली, म्हणजे शत्रू किती कडू आहे ते कळावं, त्यावर तीन पेले पाणी प्याले. मग नियम सांगितले. डावा हात औषधाचा, उजवा खाऊचा. गोळीला लागलेलं बोट खव्याच्या वरच्या अंगाला लागता कामा नये, कारण कुत्रा तोंडाने नाही, नाकाने जेवतो. आणि तुकडे तीन करायचे. पहिला रिकामा, विश्वासाचा. दुसऱ्यात गोळी. तिसरा दुसऱ्याच्या मागोमाग नाकासमोर धरायचा, म्हणजे तिसऱ्याच्या घाईत दुसरा चावत न बसता गिळला जातो. "तिसरा तुकडा दाखवल्याबिगर दुसरा द्यायचा नाही," ते म्हणाले. "न कुत्र्याले, न माणसाले." बदली झालेल्या कारकुनाची तिसरी प्लेट मला तेव्हा समजली.

पण खरी गंमत त्यांच्या बोटांत होती. साडूंचे वडील उमरेडला मागावर बसायचे. लहानपणी साडूंचं काम एकच, तुटलेला धागा जोडायचा आणि तो असा, की लुगड्यावरून हात फिरवला तर जोड बोटाला लागू नये. पुढे ते कचेरीत चिकटले, माग गेला, पण बोटं तीच राहिली. खव्याची गोळी ते अशी वळायचे की उघडली कुठे आणि मिटली कुठे हे भिंगातून दिसलं नसतं. "सांधा दिसला नाही पाहिजे," एवढंच म्हणायचे आणि तळहात पुढे करायचे. "घे गा राजा." आणि जो कुत्रा माझ्या हातून शिऱ्यातलीही गोळी वेचून काढत होता, तो पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही तुकडे घेऊन शेपटी हलवत उभा राहायचा. मी शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. माझी खव्याची गोळी समोशासारखी व्हायची, आणि साडू म्हणायचे की तशीही झाली तरी चाललं असतं, "पण तुमचा चेहराच सांगून देते न भाऊ."

तेव्हापासून साडू सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. भर मे महिन्यात खवा सैल पडतो म्हणून डबा ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे आणि स्वतःच्या डोक्याला मात्र काही गुंडाळायचे नाहीत. मेहुणीने एकदा फोनवर तक्रार केली, की घरी हा माणूस स्वतःच्या चहाचा कप उचलत नाही आणि तुमच्या कुत्र्यासाठी दोनदा गाव ओलांडतो. बाहेरगावचं लग्न आलं की ते विचारायचे, "सकाळची गोळी देऊन निघता येते का?" येत नसेल तर लग्नाला अहेर जायचा, साडू नाही. बुध्याला वर्षभरात एकही झटका आला नाही. हे मी माझ्या पद्धतीने, म्हणजे सरळ, त्यांना सांगितलं. त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी विषय बदलून कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा काय भाव चालला आहे ते विचारलं.

यंदाच्या माघात मेहुणीचा पुन्हा फोन आला, तो मात्र तक्रारीचा नव्हता. साडूंचे हात थरथरू लागले होते. डॉक्टरांनी औषध सुरू केलं होतं, पण हे पुरतं जाणार नाही, असंही सांगितलं होतं. साडू याबद्दल घरात कोणाशी बोलत नव्हते आणि कोणी काढलं तर जेवणावरून उठत होते. बायकोने फोन ठेवला आणि मला बजावलं, "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. दिसलं तरी नाही." मी कबूल केलं. आता मलाही दिसू लागलं. उजवा हात खिशात ठेवून यायचे. खवा वळायला पाठ करून बसायचे. पूर्वी बोलता बोलता होणाऱ्या कामाला आता पंधरा मिनिटं लागत होती, आणि तेवढा वेळ बुध्या त्यांच्या पाठीकडे पाहत गप्प बसून राहायचा.

परवाची गोष्ट. रात्री अवकाळी पाऊस शिंपडून गेला होता, सकाळी अंगावर काटा येईल इतका गारवा होता. आदल्या संध्याकाळचा उरलेला खवा मीच फ्रिजमधून काढून दिला होता, चांगला दगडासारखा. पहिला तुकडा बुध्याने खाल्ला. दुसरा साडूंनी पुढे केला आणि हात असा हलला की खवा तळहातावरच फुटला. गोळी निसटून फरशीवर पडली, दोन उड्या मारून थांबली. पांढरी, उघडी. साडू वाकलेही नाहीत. ते त्या गोळीकडे असे पाहत होते, की मला पुढचं वाक्य ऐकू येऊ लागलं: उद्यापासून दुसरं कोणी पाहा भाऊ. दुसरं कोणी नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं.

बुध्या पुढे झाला. त्याने गोळी हुंगली, मान वर करून साडूंकडे पाहिलं, आणि खाली वाकून ती उचलली. तशीच. नुसती. चावल्याचा आवाज आला, त्याचं तोंड वाकडं झालं, जीभ दोनदा बाहेर आली, पण गोळी बाहेर आली नाही. मग त्याने साडूंच्या तळहातावरचा फुटका खवा शांतपणे चाटून घेतला.

साडू म्हणाले, "खवा सैल झाला भाऊ. ऊनच तसं पडून राहिलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेरून गार वारा येत होता.

"हो न," मी म्हणालो. "चव्वेचाळीसच्या वर गेलं आहे आज."

साडूंनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून चुकलेला आकडा ऐकला नव्हता. ते हसले नाहीत. डब्यात तिसरा तुकडा उरला होता. तो त्यांनी उचलला आणि हलत्या हाताने माझ्या तळहातावर ठेवला.

"संध्याकाळी लवकर येतो मग," ते म्हणाले, "ऊन उतरल्यावर."

ते गेल्यावर मी त्या तुकड्याचे जमतील तेवढे सारखे दोन भाग केले आणि एक बुध्याला दिला.