मागच्या पानांवरचे नाना

"आपलं मानूस परत हरवलं!"

ग्रंथालयातल्या लांब टेबलापलीकडून नाना स्वतःशीच पुटपुटले. समोर परदेशी जर्नल होतं, मागच्या पानावर उघडलेलं. निबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. नाना तेवढीच वाचायचे.

नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून मी त्या सरकारी शेती संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात सहायक म्हणून नुकतीच लागले होते. नाना ग्रंथालयाचे जुने शिपाई, रोज कोल्हारहून एसटीने यायचे. इंग्रजी यायचं ते अक्षरं लावण्यापुरतं. पण आमच्या शास्त्रज्ञांचं काम जगात कुणी, कुठे वापरलं, याचं माणसागणिक एक कार्ड ते ठेवत. कुणी सांगितलेलं नसताना.

हरवलेलं माणूस म्हणजे कोरडवाहू विभागाचे विठ्ठल गणपत थोरात. परदेशी संपादकांना आडनाव कळत नसे. कुठे 'विठ्ठल टी.', कुठे 'गणपत व्ही.' असं छापून येई. नाना सगळ्यांना एकाच कार्डावर आणत. "बापाचं नाव फुडं आलं म्हनून मानूस बदलतं व्हय?"

कुणी आपल्याच निबंधात आपल्याच जुन्या निबंधाचा दाखला दिला, तर नाना तो मोजत नसत. ऊस विभागाच्या प्रमुखांनी एकदा खडसावलं, "अहो, माझं नाव किती ठिकाणी आहे!" नाना मान वर न करता म्हणाले, "सायेब, आपल्याच लग्नात आपनच आहेर केला, तर पुकारायचा कसा?" मी रजिस्टरमागे तोंड लपवलं.

त्या वर्षी पाऊस नव्हता, आणि पुण्याची समिती एक विभाग बंद करायला येणार होती. संचालकांच्या अहवालात फक्त निबंधांची संख्या होती: उसाचे सर्वांत जास्त, कोरडवाहूचे चार. नानांनी कार्डं पुढे केली.

"शिपायाची मोजणी समितीपुढे ठेवू?" संचालक म्हणाले.

नाना परत आले ते बाह्या सारतच. "ताई, पुन्यांदा मोजू. चूक निघाली तर आपनच फाडू." आठवडाभर मी वाचत होते, ते खुणा करत होते. उसाचे बहुतेक दाखले घरचेच निघाले. थोरातसाहेबांच्या चार निबंधांवर मात्र दूरदूरच्या कोरड्या मुलखांत माणसं काम करत होती.

समितीच्या दिवशी मी जर्नलं घेऊन मागे बसले. नाना दाराबाहेर स्टुलावर, मांडीवर कार्डांचा डबा. "कोरडवाहू बंद करायला हरकत नसावी," अध्यक्ष म्हणाले. थोरातसाहेब टेबलाकडे बघत राहिले. भरल्या खोलीत मी कधी उभी राहिले नव्हते. राहिले.

"साहेब, निबंधांचा हा आकडा अपुरा आहे. खरी मोजणी नानांनी केली आहे. ते बाहेर बसलेत, त्यांना आत बोलवा."