दुसऱ्याची पावती

तळोद्याच्या जीप थांब्यावर पोचायला आम्हाला पाच मिनिटं उशीर झाला असता, तर ती बाई वाचली नसती. ती दुपार मी विसरलेलो नाही.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. थांब्यावर केळी विकणाऱ्या बाईने फोन केला, "साहेब, एक माणूस एकच जीपनी वाट देखी ऱ्हायना. पिशवीमा इळा शे."

जीप येण्याआधी आम्ही त्याला विळ्यासकट ताब्यात घेतलं. त्याच जीपमधून त्याची बायको उतरली. मारहाणीला कंटाळून तिने घर सोडलं होतं. डोंगरातल्या गावात राहून ती तळोद्यात शिवणकाम करायची. पत्ता तिने माहेरीही कळवला नव्हता.

मग याला कळला कसा? माझा संशय जीपच्या ड्रायव्हरवर गेला. त्याला ठाण्यात बसवून ठेवलं, नको ते बोललो.

"साहेब, मी कोणले काहीच सांगेल नही," एवढंच तो म्हणत राहिला.

शेवटी नवऱ्याला पुन्हा समोर घेतलं. "पत्ता कोणी दिला?"

"कोणी नही. मोबाईलमा दिसना."

जीपमध्ये जागा राखायचं एक ॲप नुकतंच सुरू झालं होतं. याने स्वतःसाठी जागा राखली. पावतीच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याची पावती उघडायची. नाव, गाव, गाडी, वेळ, सगळं. बायकोचं नाव सापडेपर्यंत हा आकडे बदलत बसला होता. पंचांसमोर मी स्वतः आकडा बदलून पाहिला. एका अनोळखी शिक्षिकेची पावती उघडली.

ॲप बनवणारी इंजिनिअर मुलगी कामांची यादी घेऊन ठाण्यात आली. दर पंधरा दिवसांनी तिच्या कंपनीतले लोक ॲपमध्ये नवं काही घालत. 'पावती दुसऱ्याला दिसू नये' हे काम पहिल्या यादीपासून होतं आणि दर वेळी पुढे ढकललेलं होतं.

"सुरक्षेचं शेवटी बघू, असं ठरलं होतं सर."

"शेवट कधी येणार होता?"

ॲप बंद ठेवा म्हटल्यावर तिच्या मालकाने प्रवाशांच्या हालांचं कारण पुढे केलं. मी बधलो नाही. दुरुस्ती होईपर्यंत ॲप बंद करायला लावलं.

ती मुलगी मात्र त्या बाईसमोर वही उघडून बसली. "ताई, काय दिसायला नको?"

"गाव लिखाले लावूच नका. कोठे उतारनं ते ड्रायव्हरले ठाऊक शे ना?"

आम्हा कोणालाच हे सुचलं नव्हतं. पुढे त्या मुलीने नियम केला. दर पंधरवड्याला आपल्यातल्याच एकाने चोरासारखं ॲप फोडून बघायचं, त्याशिवाय नवं काही लोकांपर्यंत जाऊ द्यायचं नाही.

ड्रायव्हरची मी थांब्यावर, सगळ्यांदेखत माफी मागितली.

नोकरीभर मी गुन्हा घडल्यावरच पोचत आलो. हा गुन्हा ॲपची पहिली यादी लिहिली तेव्हाच अडवता आला असता. आता कोणी नवं ॲप दाखवलं की मी विचारतो, "वाईट माणूस याचं काय करील?" आणि उत्तर मिळेपर्यंत जागचा उठत नाही.