एका हौदात दोन कासवं

माझ्या सासरी, मालेगावात, परसात एक दगडी हौद होता आणि त्या हौदात दोन कासवं होती. त्यातलं एक दुसऱ्याला खात होतं. मी हे पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण आमच्या घरात हे बोलायला कुणी तयार नव्हतं. जैनाचं घर. पाणी दुपदरी कापडातून गाळून प्यायचं, गाळणं उलटं धरून त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची. अशा घराच्या हौदात कुणी कुणाला खातं, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? म्हणून सगळे म्हणायचे, "खेळून राह्यले."

मी तेव्हा नवी सून होते. आमचं मालेगाव म्हणजे ते मागांचं मोठं मालेगाव नव्हे; आमचा मुलूख अजून मध्यप्रदेशात होता, मुंबई राज्यात जायचा होता. माझं माहेर इंझोरीचं, तेही जैनाचंच, पण शेतीवाडीचं. त्यामुळे चिखल, साप, नदी यांची मला सवय होती आणि जीभ जन्मापासून तिखट होती. सासरी माणसं मोजकी. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची. आमचे हे, दिवसभर दुकानात. आणि माझी नणंद, माझ्याहून बरीच मोठी, तिला मी ताई म्हणायची.

ताईचं सासर किन्हीराजाचं. बैलगाडीनं सकाळी निघालं तर दिवस बुडायच्या आत परत येता येईल एवढंच लांब. तिथे तिची मोठी जाऊ महाभांडकुदळ. घरात रोज कटकट. शेवटी तिच्या सासऱ्यांनी तोड काढली की मोठीला काही सांगायची सोय नाही, धाकटी समजदार आहे, तिला चार दिवस माहेरी ठेवा, घर थंड झालं की घेऊन जाऊ. मामाजींना ते पटलं. ते गेले आणि लेकीला घेऊन आले. त्या चार दिवसांची वर्षं झाली. न्यायला कुणी आलं नाही, नवरा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि मामाजी विचारायला गेले नाहीत. विचारायला जायचं म्हणजे लेक टाकली हे गावासमोर कबूल करायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. किन्हीराजाचा रस्ताच त्यांनी सोडून दिला. हे सगळं मला बाहेरच्या बायांकडून कळलं. ताई स्वतः या विषयावर अवाक्षर बोलत नसे.

ती परत आली त्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला, तेव्हा गाळात एक कासव सापडलं. काळं, कडक पाठीचं, जेवायच्या ताटलीएवढं. लोक पाणी साफ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडतात, तसं कुणीतरी कधीतरी सोडलं असेल. ते हौदात ठेवलं आणि ताईनं त्याला आपलं म्हटलं. सकाळी मंदिरातून आली की ती हौदाच्या काठावर बसायची, कुस्करलेली भाकर आणि काकडीची फोड पाण्यात धरायची. ते सावकाश यायचं आणि तिच्या बोटांतून घ्यायचं. तेवढा वेळ ताईच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते एरवी कधी दिसत नसे.

दुसरं कासव मामाजींनी आणलं. पर्युषणाचे दिवस होते. नदीवर भोयाच्या जाळ्यात ते सापडलेलं, आज ना उद्या हंडीत जाणारं. मामाजींनी पैसे देऊन ते सोडवलं आणि मंदिरात सगळ्यांसमोर सांगितलं की या जीवाला आता माझ्या घरात अभय. लोकांनी वाहवा केली. ते चपटं होतं, मऊ पाठीचं, मातकट रंगाचं, परातीएवढं, आणि त्याची मान कापडाच्या पिळासारखी लांबच लांब बाहेर यायची. मी पाहताक्षणी ताईला म्हटलं, "हे चावरं हाय. आमच्या नदीत हायेत असे." ताई म्हणाली, "बाबांनं आनलं, ठेवा लागन."

हिवाळा बरा गेला. थंडीत दोघंही तळाशी दगडासारखी पडून असत. होळी झाली, ऊन तापलं, आणि एक दिवस ताईनं काळ्याला उचललं तर मागच्या पायाची नखं नव्हती. मामाजी म्हणाले, "दगडाले घासलं असन." मग शेपटीचं टोक गेलं. तेही दगडालाच घासलं असेल.

त्या काळी सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. मी दाराआडून हौदाशी बोलायची. "काहून रे बाबा, घरचं अन्न गोड लागत नाही काय तुले? नदीतलं कासव मासे खाते हे इंझोरीत लेकरालेही ठाऊक हाय." लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे सूनच बोलत होती आणि लागायचं ते बरोबर ओसरीवर बसलेल्या मामाजींना लागत होतं. मामाजी एकदा ताईला म्हणाले, "तिले सांग, या घरात आलेला जीव या घरचं अन्न खाईन. थे बी आता आपल्यातलं झालं." त्यांना खरोखर तसं वाटत होतं. त्या कासवाला त्यांनी मरणातून सोडवलं होतं, आणि मग भिजवलेल्या डाळीवर आणि भोपळ्याच्या सालीवर ठेवलं होतं. ते उपाशी होतं. सगळ्यांत जास्त अन्याय त्याच्यावरच होत होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त त्याचा राग यायचा.

आम्ही दोघींनी काय नाही केलं. दोन कोपऱ्यांत वेगवेगळं खायला टाकलं. ते चपटं आपल्या वाट्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ काळ्याच्या मागे जायचं. मधे फरशी उभी केली, ती त्यानं पाडली. तुपाचा डबा कापून, पत्रा सपाट करून, खिळ्यानं भोकं पाडून पडदा केला. दोन दिवस निभावलं. पुढे पत्र्याखालचा गाळ उकरून ते पलीकडे गेलं. काळ्याला गंगाळात ठेवलं तर मान आत ओढून बसलं ते बसलंच, अन्नाला शिवेना. चपट्याला कुठल्या भांड्यात घालावं तर ते मावेना, मावलं तरी बाहेर पडून उन्हात जायचं आणि मऊ पाठ वाळून मरायचं. मग पापाचा धनी कोण? शेवटी आम्ही पहारा धरला. एकीनं स्वयंपाक करायचा, दुसरीनं काठी घेऊन हौदापाशी बसायचं. पत्रा खरवडल्याचा खर्र खर्र आवाज चुलीपर्यंत यायचा आणि आवाज थांबला की मी चूल सोडून परसात धावायची, कारण थांबला म्हणजे ते पलीकडे गेलं.

वैशाखात विहीर खाली गेली आणि हौदात गुडघाभर पाणी उरलं. पळायला जागाच राहिली नाही. एका दुपारी पहाऱ्यावर मी होते. ताई निवडणटिपण करत होती. उन्हानं मला डुलकी लागत होती म्हणून तोंडावर पाणी मारावं असं मनात आणून मी हौदात हात घातला, तर पाणी गढूळ आणि लालसर. मी ताईला हाक मारली. ती आली, पाहिलं, आणि नेसत्या लुगड्यानिशी हौदात उतरली.

चपट्यानं काळ्याचा मागचा पाय धरला होता. ताईनं काळ्याला उचललं तर दोन्ही वर आली, एकाला एक लटकून. ते सोडेना. ताईचा आवाज चढत नव्हता, ती नुसतं म्हणत होती, "सोड रे बापू, सोड." मी लाटणं आणलं आणि त्याच्या जबड्यात घालायला गेले. लाटणं दोनदा निसटून पाण्यात पडलं. तिसऱ्यांदा आत गेलं. मी पिळलं, त्यानं पाय सोडला आणि मान वळवून ताईचं बोट धरलं. ताईनं हात मागे ओढला नाही. तिनं काळ्याला दुसऱ्या हातानं छातीशी धरून ठेवलं होतं. मी पुन्हा लाटणं घातलं. बोट सुटलं तेव्हा हाड दिसत होतं.

मी वळले तर मागच्या दारात मामाजी उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता तरी ते खेळून राह्यले म्हणणार नाहीत, असं मला वाटलं. धर्म करता कर्म उभं राहतं ते असं. मी डोक्यावरचा पदर सारखा करायचंही विसरले होते.

काळ्याच्या पायाला आणि ताईच्या बोटाला एकाच वाटीतली हळद लावली. जेवताना मामाजी एक घास खाऊन थांबले आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "उद्या गाडी जुंपतो. काळं इंझोरीले धाडून देऊ, सुनेच्या माहेरी. त्याहिची विहीर मोठी हाय. या चावऱ्याले कोनी ठेवून घेनार नाही, अन् मी त्याले अभय दिलं हाय. काळं गरीब हाय, कोठंबी राह्यते. चार दिवसांची गोष्ट, पानी पडलं की आनू वापस."

मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. जीव तर वाचेल. माहेरची विहीर, माहेरची माणसं. मी ताईकडे पाहिलं. ती ताटाकडे पाहत होती. तिनं जेवण संपवलं आणि ताट घासलं. मला वाटलं, पटलं असेल.

सकाळी गाडी दाराशी आली. मी ओलं पोतं घेऊन परसात गेले. ताई हौदाच्या काठावर बसली होती, गंगाळ मांडीवर, गंगाळात काळं. मामाजी मागून आले आणि म्हणाले, "दे."

"नाही," ताई म्हणाली.

मामाजींना ऐकू आलं नसावं असं वाटलं, कारण त्यांनी हात तसाच पुढे ठेवला.

"नाही देत, बाबा. याचं घर हाय हे. थे मागून आलं. चावते थे, अन् जावं यानं?"

"चार दिवसांसाठीच तं म्हनतो मी."

ताईनं मान वर केली. बोटाला बांधलेली चिंधी पिवळी झाली होती. आवाज नेहमीचाच होता, खालचा.

"मलेबी चारच दिवसांसाठी आनलं होतं तुमी. तवाबी हेच म्हनलं होतं. भांडनारीले काय सांगावं, आपली समजदार हाय."

बाहेर बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते. मला वाटलं आता मामाजी ओरडतील. ते रागीट होते, दुकानातली माणसं त्यांना थरथर कापत. मला पळावंसंही वाटत होतं आणि ताईच्या बाजूला जाऊन उभं राहावंसंही. मी उभी राहिले. पोतं हातातच होतं.

मामाजींनी आपला हात खाली घेतला. ते हौदाकडे वळले. मग त्यांनी माझ्याकडे हात केला, पोत्यासाठी. सुनेकडे त्यांनी याआधी असं सरळ काही मागितलं नव्हतं. मी दिलं. ते वहाणा काढून, धोतर खोचून, त्या वयात हौदात उतरले. चपटं फिसकारत होतं. त्यांनी ते पोत्यात कसं घातलं ते मी पाहू शकले नाही, मी डोळे मिटले होते.

"उन्हाळ्यात नदीले पानी कोठं हाय?" ताईनं विचारलं.

"एका ठिकानी हाय," मामाजी म्हणाले. "किन्हीराजाच्या डोहात. देवाचा डोह हाय, तिथं कोनी जाळं टाकत नाही."

"मासे खाईन थे."

"खाऊ दे. त्याचं पोट हाय."

गडी पोतं घ्यायला पुढे आला तर त्यांनी दिलं नाही. स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडीत बसले. रस्ताभर पाणी शिंपडायला शेजारी कळशी ठेवली. भर बाजारातून गाडी गेली. मंदिरात ज्यांनी वाहवा केली होती त्यांच्या दुकानांवरूनच गेली.

तो दिवस फार लांबला. ताईनं काळ्याला हौदात सोडलं. ते तीन पायांवर कसंबसं पोहत एका कोपऱ्यात गेलं आणि तिथेच थांबलं, जणू पलीकडे अजून कुणी आहे. मी पत्रा उचलून टाकायला गेले तर ताई म्हणाली, "राहू दे. त्याले भरोसा येऊ दे."

उन्हं कलली तरी गाडीचा पत्ता नव्हता. दिवस बुडाला की मामाजी अन्नाला शिवणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. ताई दोनदा दारापर्यंत जाऊन आली. अखेर गाडी आली. मामाजी उतरले, धुळीनं भरलेले, पोतं रिकामं. ओसरीवर बसले. ताईनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

"सोडलं डोहात," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "वापस येता येता त्याहिच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो. इचारलं, चार दिवस झाले काय म्हून."

ताई उभीच होती.

"खाली मान घातली सगळ्याहिनं. एकानंबी उत्तर देल्लं नाही." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मामाजींना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. "मी तवाच जाले पाह्यजे होतं, बाई. दुसऱ्याच दिवशी."

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एवढी वर्षं, आणि एवढाच रस्ता.

ताईनं तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो नीट धरेपर्यंत आपला हात काढला नाही. मग ती आत वळली, जाता जाता म्हणाली, "दिवस बुडून राह्यला, बाबा. हातपाय धुवा, मी ताट वाढते."