आजीचं होऊ दे

बोईसरला स्टेशनजवळ अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा एक माणूस आहे. माझा मंडप-साउंडचा धंदा, त्यामुळे त्याच्याकडे वरचेवर जाणं होतं. मशीनवर एररचा कोड आला की आम्ही ते बंद करून पुन्हा चालू करतो. त्याला ते खपत नाही. "ते काय दुखतं ते सांगतं हाय, तुमी त्याचं तोंड दाबता," म्हणत तो चष्मा कपाळावर चढवतो आणि कोड स्वतःशीच पुटपुटतो.

गेल्या वर्षी सातपाटीत हळदीच्या मांडवात माझ्या मशीनचा आवाज गेला. मशीनच्या छोट्या पडद्यावर 'प्रोटेक्ट' अशी अक्षरं लुकलुकत होती. पाहुणा म्हणून आलेला तो जेवणावरून उठला.

"तारा चिकटल्या कुठंतरी. मशीन सोताला वाचवतं हाय."

खुर्चीखाली चेपलेली स्पीकरची वायर त्याने शोधली, नीट जोडली. तोवर हळदीची गाणी म्हणणाऱ्या आजीने माइकशिवायच सुरुवात केली होती. तिचा आवाज अगदी बारीक. ऐकायला म्हणून मांडव गप्प झाला, बायका तिच्याजवळ सरकल्या.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं. पण आजीचं होऊ दे."

नवरीच्या बापाने लांबून 'चालू करा' असं खुणावलं. दुरुस्तीवाल्याने नुसती नकाराची मान हलवली आणि गाणं संपेपर्यंत बटणावर हात ठेवून उभा राहिला.