बिब्ब्याचा डाग

सोपानराव आमच्या पायरीवर बसून ब्लेडने स्वतःची टाच तासत आणि निघालेली कातडी माझ्या पायपुसण्यावर झटकत. मला शिसारी येई. इरा, निहार, तुम्हा नातवंडांनी त्यांना पाहिलेलं नाही. महाळुंग्याचे हे गृहस्थ कंपन्यांत पाइप जोडायचे आणि रविवारी आमच्या सोसायटीतले नळ दुरुस्त करायचे.

"कुरूप हाय, काकू. कंपनीचा बूट चावतो," ते म्हणत. घरी बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेवर लावत. बिब्ब्याचा डाग काळाच पडतो, त्यामुळे टाचेवरचं काळं पसरत गेलं तरी कोणी दचकलं नाही. पुढे ते ओलं झालं, वास मारायला लागलं. तेव्हा मी म्हटलं, "सोपानराव, आधी डॉक्टर, मग माझा नळ."

त्वचेचा कॅन्सर निघाला. पाऊल काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सोपानराव ऐकेनात. "मग शिडीवर काय तुमी चढणार, काकू? तासतो की मी. जाईल."

इरा, तू पाठवलेला लेख मी त्यांना मराठीत सांगितला. शरीरात काही मूळ पेशी असतात; आपण पुढे काय व्हायचं, हे त्यांचं ठरलेलं नसतं. हा कॅन्सर त्यांना इशारे धाडतो, आणि त्या रक्तवाहिन्यांसारख्या नळ्या तयार करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. वाचताना मला त्या टाचेपेक्षा जास्त किळस आली होती. शरीराच्या डागडुजीसाठी ठेवलेल्या पेशी, त्या या घाणीने स्वतःला पोसायला राबवायच्या.

सोपानरावांनी हातातलं ब्लेड खाली ठेवलं. "म्हंजे आपल्याच माणसांकडनं चोरीची लाइन ओढून घेतंय व्हय हे? मग वरनं कितीबी तासा." ते थुंकायला उठले, माझ्याकडे पाहून थांबले. "काढा म्हणावं पाऊल."

पाऊल काढलं. पण आजार तोवर फुप्फुसात पोचला होता. शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांनी दुसरा पाय चादरीबाहेर काढला. "ह्याला न्हाई ना लागलं? घरचे खरं सांगत न्हाईत."

मी चष्मा लावला, पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या फटीसुद्धा उघडून पाहिल्या. जाड, भेगाळलेला, कंपनीच्या तेलाचा वास न गेलेला पाय.

"स्वच्छ आहे," मी म्हणाले. ते खरं होतं.

"मग घरात सांगून ठिवा, काकू. ह्याला कुणी बिब्बा लावू नका."