पहिला घोट

रोकडे सर गेल्याचं मला शेजारच्या भाटियाकाकूंकडे आलेल्या फोनवरून कळलं. "दीदी, आपके भाई का फोन है," काकूंनी खिडकीतून हाक मारली. भावाचा फोन म्हटलं की मला आधी भीतीच वाटते. एकाचा फोन असला की दुसऱ्याला काही झालं असेल, हा विचार पहिल्यांदा मनात येतो. फोनवर धाकटा अनिल होता. "ताई, सर गेले गं. झोपेतच," एवढंच बोलला. मला रडू आलं आणि, खोटं कशाला सांगू, त्याच्या आधी क्षणभर हायसं वाटलं. दोन्ही भाऊ धड होते. ही भीती मला सरांच्याच नाटकाने लावली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

सर उल्हासनगरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि अंबरनाथला दोन खोल्यांत एकटे राहायचे. आमच्या विहारामागच्या हॉलमध्ये दर रविवारी त्यांच्या तालमी चालत. जगभरच्या जुन्या शोकांतिका त्यांनी वाचून काढल्या होत्या, आणि चहाच्या टपरीवरसुद्धा त्यांची गाडी तिथेच घसरायची. कोणत्या राजाला भावाने मारलं, कोणत्या म्हाताऱ्याला पोटच्या लेकींनी गोड बोलून घराबाहेर काढलं... ऐकता ऐकता आमचा चहा गार व्हायचा. ते म्हणायचे, "परका शत्रू पुढच्या दाराने येतो गं, तो दिसतो तरी. शोकांतिकेतला माणूस स्वयंपाकघरातून येतो, हातात ताट घेऊन." असलं काही ऐकून घरी गेलं की आईने वाढलेल्या भाताकडेही मी जरा निरखून बघायची. आम्ही त्यांना 'विषारी सर' म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिलं. दोन राजपुत्र, थोरल्याचा राज्याभिषेक, आणि धाकटा त्याला हसत हसत विषाचा पेला देतो. या दोन भूमिकांसाठी त्यांनी माझेच दोन भाऊ निवडले. थोरला सुरेशदादा सरकारी कचेरीत कारकून होता, अनिल एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. आईला हे मुळीच पटलं नाही. नाटकात म्हणून का होईना, भावाच्या हातून भावाला विष कशाला पाजायचं, असं तिने सरांना तोंडावर विचारलं. सर हसले. मनातलं भांडण रंगमंचावर भांडून टाकलं की घरी न्यायला उरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस हुशार, पण इथेच चुकला.

कारण भांडण खरोखरच सुरू झालं होतं. वडिलांनी पालेगावात जमिनीची एक पट्टी घेऊन ठेवली होती. वडील गेले आणि आजूबाजूला इमारती उठू लागल्या. अनिल बिल्डरच्या माणसाबरोबर फिरतो, असं कुणीतरी दादाच्या कानावर घातलं. दादाने विचारलं, तेव्हा अनिलने आईच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली की असं काही नाही. शपथ घेताना तो दादाकडे बघत नव्हता, हे मी पाहिलं. दादानेही पाहिलं असणार. त्या दिवसापासून घरात दोघांचं बोलणं बंद. बोलायचे ते फक्त तालमीत, 'बंधुराज' आणि 'प्रिय अनुज' करत.

सरांचा एक नियम होता. ज्याची वस्तू त्याने स्वतः तयार करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. म्हणजे तलवार घासायची ती लढणाऱ्याने आणि पेला भरायचा तो पाजणाऱ्याने. पेल्यात कोकम सरबत असायचं, आणि ते अनिल पडद्यामागे एकटा करायचा. एरवी या नियमाचं मला काही वाटलं नसतं. पण आमच्या घरी मोरीवरच्या फळीवर एक बाटली होती. ढेकणांसाठी अनिलने ती कंपनीतून आणली होती आणि तिला कुणी शिवायचं नाही, असं त्यानेच बजावलं होतं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी केरसुणी घ्यायला वाकले आणि वर बघितलं, तर फळीवर बाटली नव्हती.

मी कुणाला काही विचारलं नाही. काय विचारणार? सख्ख्या भावाबद्दल असला प्रश्न तोंडातून काढायचा कसा? दिवसभर मनात पाल चुकचुकत राहिली. संध्याकाळी हॉल भरला, आई पहिल्या रांगेत बसली, आणि मी विंगेत संहिता घेऊन उभी राहिले, कारण प्रॉम्प्टर मीच होते. अनिल पेला घेऊन आत गेला. इतकं गोड हसला की मी संहिता घट्ट धरली. दादाने पेला हातात घेतला. आता त्याचं वाक्य होतं, 'तुझ्या हातचं पाणीही मला अमृत आहे.' ते म्हणायचं आणि प्यायचं.

दादा ते वाक्य बोलेना. पेल्यात बघत उभा राहिला. नंतर त्याने विंगेत माझ्याकडे पाहिलं, आणि तो वाक्य विसरलेला नाही हे मला कळलं. मी वाक्य दिलं असतं तर त्याला प्यावं लागलं असतं. मी ते दिलं नाही. पहिल्या रांगेत आई पदर तोंडात धरून बसली होती...

तेवढ्यात समोरच्या विंगेतून सर रंगमंचावर आले. पांढरा शर्ट, साधी पँट, पायात चप्पल. दादासमोर वाकून म्हणाले, "महाराज, या राज्यात पेला आधी सेवक चाखतो." त्यांनी पेला घेतला, एक मोठा घोट घेतला, थोडं थांबले आणि परत दिला. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. मग दादा प्यायला. पेल्यात कोकमच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिल आईसमोर रडला. जमिनीचा शब्द त्याने बिल्डरला खरंच देऊन टाकला होता, दादाही तयार आहे असं परस्पर सांगून. फसवणूक खरी होती, फक्त ती पेल्यात नव्हती.

"काल मला वाटलं, तू पेल्यात काहीतरी घातलंस," दादा म्हणाला.

"मग प्यायलास कशाला?"

"सर प्यायले म्हणून."

अनिलचा चेहरा पडला तो मी अजून विसरलेले नाही. त्याने दादासमोरचा चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, आणि दाणकन परत ठेवला. "घे. आता पी," म्हणाला. जमिनीचा व्यवहार मोडला. ती बाटली आईनेच प्रयोगाच्या आदल्या दिवशी घरामागे खड्डा करून पुरली होती, हे तिने पुष्कळ दिवसांनी सांगितलं. म्हणजे तीही आमच्याइतकीच घाबरली होती.

सर आजारी पडल्यावर मी त्यांना भेटायला गेले, ती शेवटची भेट. इतक्या वर्षांचा प्रश्न तेव्हा विचारला. पेल्यात काही नाही, याची तुम्हाला खात्री होती ना?

"कसली खात्री?" सर म्हणाले. "अनिलला खोटं हसायला मीच शिकवलं. तालमीत त्याचा चेहरा इतका घोटून घेतला की त्यातलं खरं कुठलं, ते मलाच ओळखू येईना."

"मग प्यायलात का?"

"नाटक मी लिहिलं होतं ना." मग डोळे मिटून म्हणाले, "फार घाबरलो होतो गं..."

सरांच्या शोकसभेला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आम्ही तिघं त्यांच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो. नाटकातला तो पितळी पेला कोनाड्यात होता, त्यात पेनं आणि खडूचे तुकडे. सरांच्या भाचीने सगळ्यांना चहा दिला. अनिल नेमका पाहुण्यांच्या चपला सरळ करायला बाहेर गेला होता. रागाच्या भरात घेतलेला तो पहिला घोट पुढे आमच्या घरची रीतच झाली आहे. दादा आणि अनिल एकत्र असले की दादाचा कप आधी अनिल तोंडाला लावतो. मुलांना ती काकाची गंमत वाटते. आम्ही तिघं त्यावर कधी हसलेलो नाही.

बाकी सगळ्यांचे कप रिकामे झाले, दादाचा तसाच भरलेला होता. भाचीने दादाला विचारलं, साखर कमी पडली का? दादाने मान हलवली आणि दाराकडे बघत बसून राहिला. ही माया आहे की अजून भीतीच आहे, ते मला सांगता येत नाही. ज्यांना विचारावं ते सरही आता नाहीत. अनिल आत आला, बसला, त्याने दादापुढचा कप उचलून एक घोट घेतला आणि त्याच्या हातात दिला. चहा पार गार झाला होता, वर साय धरली होती. दादाने तो सायीसकट संपवला.