लोहारणीच्या बारा ओळी

एनिड टॅपस्कॉट लंडनच्या टेलिव्हिजनमध्ये नाटकं कापायची. इंग्लंडच्या जुन्या राजांची तीन-तीन तासांची नाटकं सव्वा तासात बसवायची, हे तिचं काम. निळ्या पेन्सिलीनं किती सरदार नि बिशप मारले, त्याला गणती नव्हती. दिग्दर्शक ब्रॅकनेल कौतुकानं म्हणायचा, "आमच्या एनिडबाई म्हणजे पक्क्या खाटीक."

१९५८च्या हिवाळ्यात यादवी युद्धावरचं एक नाटक आलं. त्यात लढाई संपल्यावर एक लोहारीण नवऱ्याचं प्रेत शोधत येते, बारा ओळी बोलते आणि रिकाम्या हातानं परत जाते.

"ही उडवा," ब्रॅकनेल म्हणाला. "लोकांना राजे बघायचेत. हिला तर नावसुद्धा नाही."

"दीड मिनिटाची तर आहे."

"दीड मिनिटात आपला राजा अर्धा मरतो, बाई."

एनिडचा नवरा महायुद्धात इटलीतल्या लढाईत गेला होता. तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. पुढे पेन्शन सुरू झाली, कबर मात्र कुठेच नव्हती. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं त्या ओळींवर रेघ मारली, दोन दिवस प्रत तशीच ठेवली, मग रेघ खोडली आणि एका बिशपाला कात्री लावली.

"वेळेत बसतंय," तिनं ब्रॅकनेलला सांगितलं. "जबाबदारी माझी."

प्रक्षेपण थेट होतं. लोहारीण झालेल्या मिसेस फेन सत्तरीच्या, वर्षभर काम न मिळालेल्या. तालमीत त्यांना दीड मिनिट लागायचं. त्या संध्याकाळी मात्र त्या वाकल्या आणि जमिनीवर पडलेल्या एकेका सैनिकाचं तोंड उजेडाकडे वळवून बघू लागल्या. चार मिनिटं झाली. वर नियंत्रण कक्षात ब्रॅकनेल ओरडत होता, खाली स्टुडिओतला माणूस 'आटपा' म्हणून हातवारे करत होता. बाईंचं लक्ष नव्हतं. एनिड घड्याळ हातात धरून नुसती बघत राहिली.

नऊला बातम्या होत्या. तंबूत राजा मरत असताना वाक्य अर्धवट तुटलं आणि बातम्या लागल्या.

"राजा मेलाच नाही," दुसऱ्या दिवशी ब्रॅकनेल थंडपणे म्हणाला. "तुमची बदली होईल. त्या म्हातारीला मात्र आता कुणी उभं करणार नाही. याचा विचार केला होता?"

केला नव्हता.

त्या रविवारी ती मिसेस फेनच्या खोलीवर गेली. बाईंनी चहा केला, दूध कमी होतं म्हणून स्वतःचा कोराच घेतला.

"एवढा वेळ का लावलात?" एनिडनं विचारलं.

"सगळ्यांची तोंडं बघितल्याशिवाय कशी निघणार होते मी?"

एनिडला त्यांच्याकडे बघवेना. ती कपात बघत राहिली.

मिसेस फेनना पुन्हा काम मिळालं नाही. मार्चमध्ये न्यूमोनियानं त्या गेल्या. दफनाला घरमालकीण होती आणि एनिड. एनिड पुढे निवृत्तीपर्यंत कार्यक्रमांची वेळापत्रकं टाइप करत राहिली. तो प्रयोग कुणी चित्रित करून ठेवला नव्हता.